मोकळी चाकं

"माह्या हातातलं सगळं याच्यात उतरलं, बापूराव," असं गुलाबभाऊ फाटकाशी उभे राहून शेजाऱ्याला म्हणाले, आणि आत मोरीत कपबशा विसळणाऱ्या सत्यशीलेच्या हातातली बशी निसटता निसटता राहिली. वाक्य काही मोठं नव्हतं. बापानं लेकाबद्दल शेजाऱ्याला सकाळी सकाळी सांगावं असं होतं, आणि सांगताना त्यांचा आवाज कालपासून येत होता तसाच भरून आलेला होता. पण तिनं नळ बंद केला. पुढं काही येतं का ते तिला ऐकायचं होतं. पुढं बापूरावांचं हसणं आलं, मग धानाच्या कापणीला मजूर मिळत नसल्याचं बोलणं आलं, आणि मग दोघं अंगणातल्या गाडीकडे वळले. तिच्याबद्दल काही आलं नाही. यायचं कारणही नव्हतं. तिनं पुन्हा नळ सोडला, आणि धुतलेलीच बशी पुन्हा धुतली.

गाडी आयुषची. तिचा धाकटा भाऊ, पुण्यात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर; काल संध्याकाळी तो नऊशे किलोमीटर चालवत गडचिरोलीला आला तो या गाडीतून. कोणाची तरी वापरलेली, राखाडी, दोनच सीटांची, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे सतरंजीवर पाय पसरून बसावं तसं. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकावर तिचं पोट घासलं तेव्हा सत्यशीला स्वयंपाकघरात होती. आधी खरडल्याचा लांब आवाज, मग एक बारीक तुटल्याचा, आणि मग गाडी फाटकात येईपर्यंत टणटण. तिनं पोळी उलटता उलटता ओळखलं होतं की सायलेन्सरचं मागचं रबर गेलं आणि नळी लोंबते आहे. ती बाहेर आली तोवर बाबांनी बॉनेटवर तळवा ठेवला होता. नुसता ठेवला नव्हता, फिरवत होते, हळूहळू, डोळे अर्धे मिटून. तो तळवा तिनं चाळीस वर्षं पाहिला होता. रोज सकाळी त्यावर ती रक्तदाबाची गोळी ठेवत असे. गोळी घेतल्यावर तो मिटत असे, बस. तो असाही फिरू शकतो हे ती जवळजवळ विसरली होती. आयुषनं वाकून तिच्या पाया पडल्यासारखं केलं, "ताई, काहीतरी घासलं गं," म्हणाला, आणि ती म्हणाली, "हात-पाय धू, जेवून घे." काय तुटलं ते तिला ठाऊक होतं. कोणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

चौदा वर्षं ती आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकची निदेशक होती. दरवर्षी नवी बॅच आली की पहिला महिना ती इंजिनला हात लावू देत नसे. आधी गाडी उचलायला शिका. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, वरून गाडी पडली तर माणूस दुरुस्त होत नाही, असं ती फळ्यापाशी उभी राहून सांगे. जमीन पाहा. जमिनीवर उरणारी चाकं अडवा. जॅक लावायची जागा पाहा. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. धरायला स्टँड लागतात. आणि स्टँडवर ठेवली की अंगातलं सगळं बळ लावून ढकलून पाहा, हलली तर खाली घ्या. मुलचेऱ्याकडून, एटापल्लीकडून आलेली पोरं-पोरी हे पाठ म्हणत, आणि वर्षाच्या शेवटी गॅरेजमधून, खाणीतून त्यांचे फोन येत, मॅडम, इथं कोणीच स्टँड लावत नाही. तू लाव, ती म्हणे. बाबांना हे सगळं माहीत होतं का, हे तिला कधी नीट कळलं नाही. तिला नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी डेपोत पेढे वाटले होते आणि सगळ्यांना सांगितलं होतं, "पोरगी सरकारी नोकरीत लागली." आजही कोणी विचारलं तर तेच सांगत. सरकारी नोकरीत आहे. कोणती नोकरी ते वाक्यात कधी येतच नसे, जणू टेबल आणि खुर्ची एवढंच तिथं असावं. दहावीनंतर तिनं बापाला विचारलं होतं, बाबा, मी गाडीचं काम शिकू का. एसटीचे ड्रायव्हर गुलाबभाऊ, आष्टी-मुलचेरा लाइनवर ज्यांच्या गाडीचा ब्रेक कधी लागला हे पॅसेंजरला कळत नसे असं लोक म्हणत, ते तिच्या हाताकडे पाहून म्हणाले होते, "हात काळे करून का करशीन, बाई?" तेव्हा आईनं गुपचूप आयटीआयचा फॉर्म भरला. आणि आयुष पाच वर्षांचा असताना मात्र बाबा त्याला मांडीवर घेऊन डेपोच्या पटांगणात रिकामी गाडी फिरवत. ते मोठं चाक, त्यावर ते इवलेसे हात, आणि त्या हातांवर बाबांचे हात. चौदा वर्षांची सत्यशीला त्यांचा डबा घेऊन कुंपणाशी उभी असे. गाडी दर फेरीला तिच्या जवळून जाई आणि आयुष ओरडे, ताई, पाह्य! ती हसत असे. खरंच हसत असे, कारण तिला तो फार आवडायचा, तिनंच त्याला कडेवर वाढवला होता. पण डबा धरलेल्या बोटांत काहीतरी घट्ट होत जाई. घरी गेल्यावर दांडीचा वळ बोटावर दिसे.

तेच आता, त्रेचाळिसाव्या वर्षी, कानाशी केस पांढरे झाल्यावर, मोरीत उभं राहून पुन्हा व्हावं याची तिला लाज वाटली. गाडीचा हेवा नव्हता. ती गाडी कोणी फुकट दिली असती तरी तिनं घेतली नसती. गडचिरोलीच्या रस्त्यावर ती म्हणजे पायात बेडी. आयुषच्या पगाराचाही नव्हता. मग कशाचा होता? एका शब्दाचा? सगळं, म्हणाले होते ते. सगळं याच्यात उतरलं. थोडं म्हणाले असते तरी ती कपबशा पालथ्या घालून कामाला लागली असती.

आयुषनं चौकातल्या गॅरेजमधून चाकांचा जॅक मागून आणला. स्टँडची जोडी त्यानं आधीच मागवून ठेवली होती, डिक्कीतून नवं कोरं खोकं काढून त्यानं भिंतीशी ठेवलं. फोनवर त्यानं व्हिडिओ पाहिले होते; बुटक्या गाडीखाली जॅक जातच नाही, आधी चाकं फळ्यांवर चढवायची, असं तो बाबांना समजावून सांगत होता आणि बाबा शाळकरी पोरासारखी मान डोलावत होते. सत्यशीला दारात आली.

"आयुष, मी करून देऊ का?"

तो काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "राहू दे वो, सत्या. तुह्या सुट्टीचा दिवस आहे. आमी बाप-लेक पाहून घेतो."

बाप-लेक. ती आत गेली, लाखोळीची डाळ सुपात घेतली, पाट घेतला आणि ओट्याच्या खालच्या पायरीपाशी पाट टाकून निवडायला बसली. आत बसूनही निवडता आली असती. ऊन हवं, असं तिनं स्वतःला सांगितलं. नोव्हेंबरचं ऊन अंगणात तिरपं पडलं होतं आणि बापूराव फाटकावर कोपर टेकून तमाशा पाहत होते.

डाळीत खडा शोधणारे डोळे आणि गाडीकडे पाहणारे डोळे तिला वेगळे करता येईनात. वर्गातल्यासारखं ती मनात गुण देत गेली. जुन्या पलंगाच्या सागवानी फळ्या काढल्या, जाड आहेत, ठीक. आयुषनं गाडी सावकाश मागं घेत मागची दोन्ही चाकं फळ्यांवर चढवली, ठीक. तोंड फाटकाकडे. अंगण बाबांनीच सिमेंटचं करून घेतलं होतं आणि पाणी नालीकडे जावं म्हणून फाटकाकडे उतार दिला होता. डोळ्याला दिसत नाही, पण बादली सांडली की कळतो. हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये ठेवली. बाबांनी कोपऱ्यातला मोठा दगड आणून मागच्या चाकासमोर लावला. तीस वर्षं घाटात गाडी उभी केली की दगड लावणारा हात. लावून त्यांनी त्यावर लाथ मारून पाहिली आणि बापूरावांकडे पाहिलं. आयुषनं जॅक मागून आत सरकवला, मध्यभागी, जिथं मागच्या चाकांना जोर देणारा गोळा असतो तिथं. ठीक, अगदी बरोबर. आणि मग तिची नजर पुढच्या चाकांवर गेली. तिथं काही नव्हतं. ना पाचर, ना दगड, ना वीट.

तिचा हात सुपात थांबला. ही गाडी मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी. हँडब्रेक मागं, गिअरचा जोर मागं, दगड मागं. मागचा भाग हवेत गेला की तिन्ही हवेत जाणार आणि पुढची दोन चाकं उतारावर मोकळी. हे पहिल्या महिन्यातल्या पहिल्या आठवड्यातलं होतं. हे चुकलं की ती पोरांना अंगठे धरायला लावत नसे, पण त्या दिवशी जॅकला हात लावू देत नसे. चूक दिसली की तोंड उघडायचं, समोर प्राचार्य असला तरी, हा तिचाच नियम. तिनं तोंड उघडलं नाही. तिनं डाळीतला एक खडा उचलला आणि बाजूला टाकला. काय होईल फार तर, असं तिच्या मनात आलं, आणि ते मनात येताना गोड लागलं हे तिला त्याच क्षणी कळलं. गाडी बोटभर सरकेल. जॅक कुरकुरेल. आयुष घाबरून खाली घेईल, बापूराव हसतील, बाबांचा चेहरा उतरेल, आणि मग ती सूप बाजूला ठेवून, पदराला हात पुसत, अजिबात घाई न करता उठेल. काय म्हणायचं तेही तिनं जुळवलं: सगळं उतरलं, पण एवढं राहिलं वाटते. नाही, हे फार कडू. नुसतं म्हणायचं, सरका. ती ते वाक्य तोंडात घोळवत राहिली, आणि जॅकचा दांडा वर-खाली होत राहिला, आणि राखाडी गाडीचं बूड वितीवितीनं वर येत गेलं. चाकं फळ्यांवरून सुटली. दगड होता तिथंच राहिला, कशालाच न टेकता.

"पाह्य बापूराव, कसा अलगद उचलला!" बाबा म्हणाले. "डेपोत चार जन लागत."

"आता स्टँड लावायचे," आयुष म्हणाला आणि भिंतीशी गेला. खोक्याला चिकटपट्टीचे थरच थर होते. तो किल्लीनं ती फाडत पाठमोरा बसला.

"तोवर मी पाह्यतो का तुटलं ते," असं म्हणत बाबांनी खांद्यावरचा पोत्याचा तुकडा जमिनीवर अंथरला. हातात तारेचं भेंडोळं होतं. ज्यांना खुर्चीतून उठताना दोन वेळा 'अगं आई' म्हणावं लागे, ते गुलाबभाऊ एका कुशीवर होत, सराईतासारखे, बाजूनं गाडीखाली सरकले. डोकं गेलं, खांदे गेले, छाती गेली. बाहेर फक्त धोतर आणि दोन पाय उरले.

सत्यशीलेनं हे धरलंच नव्हतं. तिच्या सगळ्या चित्रात आयुष होता, जॅक होता, फजिती होती. गाडीखाली कोणी नव्हतं. जुळवलेलं वाक्य तोंडात होतं आणि ते आता कुठंच बसेना, आणि त्याच्या मागं दुसरा शब्द अडकून पडला. किती वेळ? नंतर तिनं तो वेळ पुष्कळदा मोजायचा प्रयत्न केला. एक श्वास असेल. दोन असतील. पुढच्या चाकापाशी जांभळीचं वाळकं पान पडलं होतं, आणि ती पाहत होती, आणि पान हळूच टायरखाली गेलं.

"आयुष! बाबाले ओढ!"

आपण उठलो कधी ते तिला आठवत नाही. डाळ अंगणभर गेली. बुडाखालचा पाट तिच्या हातात होता, तो तिनं पुढच्या चाकाखाली मारला, तिरपा, जोरानं, आणि स्वतः बॉनेटला दोन्ही हात लावून टाचा रोवल्या. तिला पाट कचकन दबल्याचा आवाज आला, मागं जॅकचं डोकं सरकताना लोखंडावर लोखंड ओरडलं, आयुष पाय धरून ओढत होता, बाबा आतून "अबे, अबे" म्हणत होते, आणि मग बॉनेट तिच्या हाताखाली उसळलं आणि मागचा भाग धाडकन खाली बसला. एक फळी उडून भिंतीवर आदळली. त्यानंतर इतकं शांत झालं की नालीतलं पाणी ऐकू आलं.

बाबा बाहेर होते. पोत्यासकट बाहेर आले होते, सदरा काखेपर्यंत वर गेलेला, पाठ खरचटून लाल. ते उठून बसले, चष्मा शोधू लागले.

"एवढं ओढाचं काऊन बे? पाठ सोलली माही," ते चिडून म्हणाले. मग चष्मा सापडला. त्यांनी गाडीकडे पाहिलं. गाडीच्या पोटाखाली, जिथं त्यांची छाती होती तिथं, आता मूठसुद्धा गेली नसती. फाटकावरून बापूराव "पानी आना, पानी आना" म्हणत आत आले, आणि कोणीच हललं नाही तेव्हा स्वतःच माठाकडे गेले.

आयुष जमिनीवरच बसला होता. "हँडब्रेक होता ना, ताई. गिअरमध्ये पण होती. दगड पण होता. मंग कशी गेली?"

"हँडब्रेक मागच्या चाकाले राह्यते," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गातला होता आणि तो तिला परका वाटला. "गिअरचा जोर बी या गाडीत मागच्याच चाकाले. मागची हवेत गेली की काईच धरून नाई. पुढची मोकळी होती. आधी ते अडवाची राह्यतात."

आयुषनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग पायरीकडे पाहिलं, जिथं सूप पालथं पडलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर आरोप नव्हता, तो नुसता हिशेब लावत होता, लहानपणी गणित सोडवताना लावायचा तसा. "तू तिथीच बसून होती," तो म्हणाला.

डाळ होती. डाळीकडे लक्ष होतं म्हटलं असतं तर कोणी दुसऱ्यांदा विचारलं नसतं. ती सबब तयार होती, तिच्या ओठांपर्यंत आलीही.

"मले दिसलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"तू जॅक लावून राह्यला होता, तेव्हाच."

बाबांनी पाण्याचा पेला तोंडाशी नेला होता तो खाली घेतला. "मंग बोलली काऊन नाई?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. वयस्क, पाठ सोललेला, धोतरावर ऑइलचा डाग पडलेला माणूस. तिला वाटलं होतं हे सांगताना आपण रडू, पण रडू आलं नाही. "तुमी सकाळी बापूरावले म्हणले, माह्या हातातलं सगळं याच्यात उतरलं. मी ऐकलं. मंग मनात आलं, पाहू त खरं, किती उतरलं ते. याची फजिती व्हावी, तुमी पाहावं, असं वाटलं मले. तुमी खाली जासान हे नाई वाटलं. पण तुमी गेल्यावर बी माहं तोंड लवकर उघडलं नाई, बाबा."

बापूराव रिकामा तांब्या माठावर ठेवून, चपला शोधून निघून गेले. बाबा पेल्यातल्या पाण्याकडे पाहत बसले. आयुष उठून त्यांच्या पाठीला लावायला घरातून खोबरेल घेऊन आला. कोणी ओरडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तेल लावून झाल्यावर बाबा म्हणाले, "मंग आता बसून काऊन आहे? उचल ना गाडी."

तिनं उचलली. हुकूम होता की क्षमा होती की नुसताच काम संपवायचा जुना ड्रायव्हरी स्वभाव, हे तिला कळलं नाही आणि विचारायची हिंमतही नव्हती. गाडी पुन्हा फळ्यांवर चढवून घेतली. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून, चारी बाजूंनी, मोडक्या दाराचे लाकडी तुकडे ठोकून बसवले. जॅकखाली सपाट फळकुट. वितभर उचलून थांबली, सभोवार फिरून पाहिलं, मग आणखी. स्टँड दोन्ही बाजूंना, पत्रा दुमडून जाड केलेल्या जागेखाली, नेमके, खुंट्या आरपार. मग जॅकचा दाब कणाकणानं सोडत तिनं गाडीचं वजन स्टँडवर उतरवलं, आणि जॅक तसाच गाडीच्या पोटाला टेकवून ठेवला, असू दे म्हणून. ती मागेल ते आयुष तिच्या हातात देत होता. हात कामात गेले की तिचं डोकं नेहमी निवांत होई, आजही झालं, आणि त्या निवांतपणाचीच तिला चीड आली. आतलं ते सकाळचं टोचणं गेलं असेल म्हणून तिनं चाचपून पाहिलं. गेलं नव्हतं. लाजेच्या शेजारी सरकून, जागा करून बसलं होतं.

तिनं मागच्या बाजूनं दोन्ही हातांनी, खांदा लावून गाडी ढकलली. हलली नाही. "झालं," ती म्हणाली. "मी जातो खाली, तार कुठी आहे?"

तार बाबांच्या हातात होती. ते खुर्चीतून उठले होते.

"बाबा, नको. मी हाव ना."

"हे स्टँडवर तूच ठेवली ना?"

"हो."

"मंग?" ते म्हणाले, आणि पोतं अंथरून, आता कण्हत, सोललेली पाठ जपत, एका कुशीवर झाले आणि सरकत सरकत आत गेले, डोकं, खांदे, छाती.

सत्यशीलेनं पुन्हा गाडीला हात लावला, पण ढकलायचं धैर्य होईना. ती त्यांच्या पायांशी जमिनीवर बसली. आतून तारेचा खरखराट आला, खोकला आला, आणि मग आवाज आला, "आयुष, पक्कड दे."

टोचलं. इतकं सगळं झाल्यावरही टोचलं, अगदी तिथंच. आयुष भिंतीशी उभा होता. पक्कड सत्यशीलेच्या गुडघ्याजवळ पडली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तो जागचा हलला नाही. गाडीच्या पोटाखालून एक तळवा बाहेर आला, उताणा, ऑइलनं काळा झालेला. तिनं त्यावर पक्कड ठेवली. तळवा मिटला आणि आत गेला. कोणी दिली हे त्यांनी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. आणि बाबांचे पाय सरकत बाहेर येईपर्यंत ती वाकून, गाल जमिनीला टेकेल इतकी वाकून, पुढच्या चाकांकडे पाहत राहिली.